सहा नंबरची गाडी

जिथे माणसं कमी तिथे घरं मोकळी पडलेली असणार, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये हा हिशेब चालत नाही. 2020 च्या जनगणनेत या अख्ख्या राज्याची लोकसंख्या भरली 5 लाख 76 हजार 851, म्हणजे साधारण आपल्या कोल्हापूर शहराएवढी. आणि एवढी माणसं महाराष्ट्राच्या चार-पंचमांश मुलखावर विखुरलेली. माझी नेमणूक होती तिथल्या कार्बन काउंटीत. क्षेत्रफळ वीस हजार चौरस किलोमीटरच्या वर. आपल्याकडचा सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, तोही याच्यापेक्षा लहान. वस्ती साडेचौदा हजार, त्यातली आठ हजारांवर माणसं एकट्या रॉलिन्स गावात. आणि या गावात भाड्याने जागा मिळेना.

कारण उघड आहे, फक्त तिथे पोचल्यावर उघड होतं. घरं आठ हजार लोकांना पुरतील इतकीच आहेत आणि कामं मात्र बाहेरून येणाऱ्या टोळ्यांची. शेजारच्या सिंक्लेअरमध्ये तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तो दुरुस्तीसाठी बंद ठेवला की वेल्डर आणि फिटर यांचे जथ्थे उतरतात आणि मोटेलं महिनाभर भरून जातात. गावात राज्याचा तुरुंग आहे, तिथल्या पहारेकऱ्यांना घरं लागतात. मी गेले त्या वर्षी, 2023 मध्ये, इथून नेवाडापर्यंत वीज नेणाऱ्या 732 मैलांच्या वाहिनीचं काम सुरू झालं होतं. शिवाय आम्ही पवनचक्कीवाले. मग नवी घरं का बांधत नाहीत? तर ही सगळी माणसं काम संपलं की जाणार, हे प्रत्येक बांधकामवाल्याला ठाऊक असतं. पूर्वेला हॅना नावाचं गाव आहे. कोळशाच्या खाणी होत्या तेव्हा गजबजलेलं, खाणी मिटल्यावर रिकामं होत गेलेलं. ते डोळ्यांसमोर असताना कर्ज काढून चाळी कोण उठवेल?

मी मूळची कराडची. नोकरीची सुरुवात पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर झाली, कोयनेच्या जलाशयाच्या वर. उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या तपासून, ग्रीडला जोडून, चालू करून द्यायच्या हे माझं काम. पुढे धुळ्याकडे ब्राह्मणवेलला होते. तेव्हा एकट्या मुलीला खोली मिळवणं हा नोकरीइतकाच मोठा उद्योग असायचा. लग्न झालंय का, कधी करणार, रात्री साइटवरून यायला किती वाजतात, सोडायला कोण येतं, अंडी तरी खाता का. भाड्याचा विषय सगळ्यात शेवटी, तोही मोघम. अकरा महिन्यांच्या करारावर सही होईपर्यंत मालकाला माझं आजोळ पाठ झालेलं असे. त्या चौकशीचा मला मनस्वी कंटाळा होता. अमेरिकेत निदान यातून तरी सुटका, असं मनाशी म्हणत निघाले होते.

सुटका झाली, इतकी की मला कुणी काही विचारेचना. रॉलिन्समधल्या एका मोठ्या गृहसंकुलाचा अर्ज ऑनलाइन होता. फी भरली, नाव भरलं, पगार भरला. सोशल सिक्युरिटी नंबरची जागा कोरी, कारण तो यायचा होता. क्रेडिट स्कोअर काढायला माझा या देशात ना कधी हप्ता होता ना उधारी. कॉम्प्युटरने क्षणात नकार कळवला. कार्यालयातल्या मुलीला भेटले, नेमणुकीचं पत्र दाखवलं, बँकेचा कागद दाखवला. ती मनापासून हळहळली आणि म्हणाली, यंत्रणेत तुम्ही दिसतच नाही. फी परत मिळत नाही हेही तिने तितक्याच मनापासून सांगितलं.

तोवर मोटेलात आठवड्याच्या दराने राहत होते. खोलीत मायक्रोवेव्ह आणि एक खुजा फ्रीज, बाहेर रात्रभर इंजिन चालू ठेवून उभे ट्रक. जागेचा पत्ता लागला तो किराणा दुकानाच्या दाराजवळच्या फळ्यावर. गवताच्या गठ्ठ्यांच्या आणि हरवलेल्या कुत्र्याच्या चिठ्ठीशेजारी पेनाने लिहिलेली तीन ओळींची चिठ्ठी होती: एक बेडरूम, हीटिंगसह, धूम्रपान नको.

मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, विधवा. चार बिऱ्हाडांची बैठी इमारत, एका टोकाला त्या स्वतः राहायच्या. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो लग्नाचा नव्हता. ‘थंडीत नळ थेंबथेंब चालू ठेवायचा असतो, हे तुला कुणी सांगितलंय का?’ नाही म्हटल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, सिंकखालचं कपाट उघडून भिंतीलगतचा पाइप दाखवला, आणि ही दारं कधी उघडी ठेवायची, नळ गरम आणि थंड दोन्ही किती सोडायचा, याचं प्रात्यक्षिक दिलं. मग विचारलं, साइटवर कुणाच्या हाताखाली आहेस. मी फोरमनचं नाव सांगितलं. त्यांनी तिथेच फोन लावला. फोरमन त्यांच्या पुतण्याबरोबर शाळेत होता. दोन मिनिटं हवापाण्याचं बोलणं, एक ‘हं’, आणि फोन ठेवून त्या म्हणाल्या, पहिल्या महिन्याचं भाडं आणि तेवढीच अनामत. क्रेडिट स्कोअर हा विषय निघालाच नाही.

करारनामा चार पानांचा, छापील, पण समासात त्यांच्या हस्ताक्षरातल्या पुरवण्या. घर रिकामं असलं तरी हीटर 55 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 13 सेल्सियसच्या, खाली न्यायचा नाही. दारापुढचा बर्फ भाडेकरूने सारायचा. कचऱ्याची पेटी रस्त्यावर ठेवायची तर सकाळी, आदल्या रात्री नाही, नाहीतर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला शोधावी लागेल. आणि सर्वांत ठळक अक्षरात: बाहेरचं जाळीचं दार हाताने धरून उघडायचं, वाऱ्याने साखळी तुटली तर खर्च भाडेकरूचा.

त्या दाराचा उलगडा ऑक्टोबरात झाला. रॉलिन्स समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटरचं, म्हणजे त्याचं टोकसुद्धा या गावाच्या बऱ्याच खाली. डोंगररांगांमधली खिंड इथे रुंद आणि बुटकी आहे. पश्चिमेकडून येणारी हवा त्यातून पूर्वेच्या मैदानाकडे धावते, आणि हिवाळ्यात तिला ऊत येतो. तिथली माणसं गाडी लावताना आधी वारा बघतात. नाक वाऱ्याकडे करून लावायची, आणि दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं. पाठीमागून वारा असताना निष्काळजीपणे उघडलेलं दार बिजागरीतून उलटं वळतं. अशी न मिटणारी दारं दोरीने बांधलेल्या गाड्या गावात दिसतात, आणि बहुतेक त्या पाहुण्यांच्या असतात.

माझ्या धंद्यात हा वारा म्हणजे खाण. पण सह्याद्रीतली सगळी सवय इथे उलटी करून घ्यावी लागली. वनकुसवड्याला हंगाम जून ते सप्टेंबर. नैर्ऋत्य मोसमी वारा पठारावर आदळतो, धुक्यात हात दिसत नाही, टॉवरच्या शिडीला पाण्याचे ओघळ लागलेले असतात, आणि उरलेलं वर्ष पाती आळसावलेली. इथे उन्हाळा सुस्त आणि डिसेंबर-जानेवारीत कहर. हवाही वेगळी. एवढ्या उंचीवर ती समुद्रसपाटीपेक्षा सुमारे वीस टक्के विरळ, म्हणजे तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यातून वीज कमी. पण वेगच असा की तूट भरून निघते. गंमत अशी की वारा फार झाला की आम्हीच बेकार. ठराविक वेगापुढे टॉवरवर चढायला मनाई असते, त्याहून वाढला की टर्बाइन स्वतःच पाती फिरवून थांबतं. भर हंगामात आठवडा-आठवडा ट्रेलरमध्ये बसून कॉफी पीत कागद रंगवायचे. सोनगरुडांसाठीही यंत्रं थांबवली जातात. दुर्बिणी घेऊन माणसं बसलेली असतात आणि पक्षी जवळ आला की अमुक नंबरचं टर्बाइन बंद करा असा निरोप येतो. गरुड मेल्याबद्दल वायोमिंगमध्ये पवनऊर्जा कंपन्यांना भलामोठा दंड झालेला आहे, त्यामुळे हे काम कुणी हसण्यावारी नेत नाही.

घरी स्वयंपाकाचीही तऱ्हा. पाणी 93 अंशांना उकळायला लागतं, त्यामुळे पातेल्यातली तूरडाळ तासभर तशीच टणक. कुकर नसता तर मी ब्रेडवरच राहिले असते. कोथिंबीर आणि कढीपत्त्यासाठी कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला जायचं, एका बाजूने दीडशेच्या वर मैल, तेही रस्ता उघडा असेल तर.

आता मुख्य गोष्ट. इतक्या मोकळ्या मुलखात माणूस एकटा पडेल, त्याला कुणी ओळखणार नाही, ही माझी आणि माझ्या आईचीही समजूत होती. पुण्यात बावधनला मी साडेतीनशे फ्लॅटच्या सोसायटीत राहिले आहे. समोरच्या दारातल्या माणसाचं आडनाव पाटीवर होतं म्हणून माहीत, नाहीतर लिफ्टमध्ये आम्ही दोघंही मोबाइल बघायचो. गर्दीत लपायला जागा असते. रॉलिन्समध्ये ती नाही. वायोमिंगच्या गाड्यांच्या नंबरात पहिला आकडा काउंटीचा असतो: कॅस्परची नट्रोना काउंटी एक, शायेनची दोन, लॅरमीची पाच, आमची सहा. पाटीवर उधळलेला घोडा आणि त्याच्यावरचा स्वार, 1936 पासून. सुरुवातीला माझ्याकडे कोलोरॅडोच्या पाटीची भाड्याची गाडी होती. पेट्रोल पंपावर, टपाल कार्यालयात, सगळे नम्र आणि कोरडे. जुनी गाडी विकत घेतली आणि काउंटीच्या खजिनदाराच्या कार्यालयात पाटी घ्यायला गेले. खिडकीमागच्या बाई अर्जावरचा पत्ता बघून म्हणाल्या, ‘अच्छा, मागच्या टोकाचं बिऱ्हाड. तिथला हीटर रात्री ठोकल्यासारखा आवाज करतो अजून?’ करत होता.

सहा नंबरची पाटी लागली त्या आठवड्यापासून समोरून येणारे पिकअपवाले स्टिअरिंगवरचं एक बोट उचलू लागले. तेवढाच नमस्कार, पण तो सहाला असतो, परक्या पाटीला नसतो. पुढे तो माझ्या गाडीला, मग मला येऊ लागला. दवाखान्याबाहेर गाडी दिसली की दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात तब्येतीची विचारपूस. पाटणच्या घरमालकांची आठवण यायची. फरक एवढाच की पाटणला चौकशी आधी होते आणि मग खोली मिळते. इथे खोली मिळते आणि मग सगळं आपोआप कळत जातं, तेही प्रश्न न विचारता. यातलं बरं कुठलं, हे मी अजून ठरवलेलं नाही. साइटवर उशीर झालेल्या रात्री घराचा दिवा लागेपर्यंत शेजारची तुरुंगातली नोकरी करणारी बाई खिडकीशी असायची, हे मला नंतर कळलं. मला ते आवडलंही आणि खुपलंही.

मालकीणबाईंचं माहेर हॅनाचं. त्यांचे आजोबा तिथल्या खाणीत होते. हॅनाच्या खाणीत 1903 साली स्फोट होऊन 169 माणसं गेली आणि 1908 साली पुन्हा 59. त्यांच्या घरात हे आकडे घरच्या तिथींसारखे बोलले जायचे. नवराही कोळशातला. अशा घरात पवनचक्कीवाली भाडेकरू. पहिल्याच महिन्यात त्यांनी सुनावलं, ‘तुमच्या त्या पांढऱ्या काठ्या दिवे लावणार कॅलिफोर्नियाचे आणि रात्रभर लाल डोळे मिचकावणार माझ्या खिडकीत.’ मी सांगून पाहिलं की वायोमिंग पवनविजेवर कर लावतं, 2012 पासून हजार युनिटमागे एक डॉलर, आणि त्यातला वाटा काउंटीला येतो. त्या म्हणाल्या, कोळसा याच्या कितीतरी पट देत होता, शाळा त्यावर बांधल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एवढ्याशा राज्यात माणसाच्या उत्पन्नावर कर नाही, राज्याचा कारभार अजूनही बराचसा जमिनीखालच्या मालाच्या जिवावर. मात्र त्यांची बिऱ्हाडं पवनचक्कीच्या नाहीतर वीजवाहिनीच्या माणसांमुळे भरत होती आणि दर नव्या कराराला भाडं चढत होतं, हेही त्यांना माहीत होतं. त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नसू.

जानेवारीत हायवे बंद पडला. इंटरस्टेट 80 चा लॅरमी ते वॉलकॉटचा तुकडा 1970 मध्ये खुला झाला. जुना रस्ता आणि त्याआधीची रेल्वे वळसा घालून उत्तरेने मेडिसिन बो गावावरून जात होती. स्थानिक लोक सांगत होते की सरळ रस्ता एल्क डोंगराच्या कुशीतून नेऊ नका, तिथे बर्फ ठरत नाही. मैल वाचतात म्हणून नेला, आणि तेव्हापासून तो दर हिवाळ्यात बंद पडतो. बर्फ अडवायला मैलोन्‌मैल लाकडी कुंपणं उभारली आहेत. त्यांनी फरक पडतो, पण वाऱ्यापुढे कुणाचं चालत नाही. गावाच्या टोकाला रेल्वे फाटकासारखे अडसर आहेत. ते खाली आले की दोन महासागरांमधली मालवाहतूक रॉलिन्समध्ये थबकते. दोन तासांत गल्लीबोळ ट्रकनी भरतात, पाव आणि दूध संपतं, चर्चचे हॉल उघडतात.

त्या रात्री मालकीणबाईंचा फोन आला: ‘तुझ्याकडचा एकजण माझ्या दारात आहे.’ मी जाऊन पाहते तर पगडीतला सरदारजी, फ्रेझ्नोहून निघालेला, ट्रकचा हीटर बंद पडलेला. मालकीणबाईंच्या लेखी आम्ही दोघं एकाच गावचे. तो लुधियानाकडचा, मी कराडची, हिंदी दोघांचीही कामचलाऊ. रिकाम्या बिऱ्हाडात त्यांनी त्याची सोय केली. दुसऱ्या दिवशीही फाटक उघडलं नाही, तेव्हा तो ट्रकमधून पिठाची पिशवी, कांदे आणि तवा घेऊन आला. माझ्या स्वयंपाकघरात तो पराठे लाटतोय, मी कुकर लावलाय, तुरुंगातली शेजारीण लोणच्याच्या बरणीचा वास घेऊन शिंकतेय आणि मालकीणबाई खुर्चीत बसून पीठ किती उडतंय यावर लक्ष ठेवून आहेत. लॅरमीजवळ हायवेवर पंजाबी ढाबा आहे, हे त्याने मला सांगितलं. इतके महिने मी कढीपत्त्यासाठी त्याच्यावरून पुढे जात होते. मालकीणबाईंनी तिखटाने डोळे पुसत दोन पराठे खाल्ले आणि त्याच्याकडून एक पैसा घेतला नाही. मात्र जाताना नळ थेंबथेंब ठेवायला तो विसरला होता, हे त्या पुढे महिनाभर मला सांगत होत्या.

कमी वस्तीचं कौतुक करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. शेजारधर्माने सगळं भागत नाही. गावातल्या रुग्णालयाने 2022 मध्ये प्रसूती विभाग बंद केला. आमच्या एका टेक्निशियनची बायको दिवस भरत आले तेव्हा लॅरमीला नातेवाइकांकडे जाऊन राहिली, कारण कळा सुरू झाल्या आणि फाटक खाली असलं तर काय, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्याच साली गावाचं पाणी तुटलं होतं. डोंगरातल्या झऱ्यांवरून येणाऱ्या वाहिनीत शंभर वर्षांपूर्वीचे लाकडी नळ होते, आणि लोकांना पाणी उकळून प्यावं लागलं. एवढ्या लांबीची वाहिनी बदलायची आणि खर्च वाटून घ्यायला माथी इतकीच. वायोमिंगने 1869 मध्ये, साऱ्या अमेरिकेच्या आधी, बायकांना मतदानाचा हक्क दिला, हे तिथली माणसं अभिमानाने सांगतात, आणि सांगावंच. त्यामागे एक हेतू असाही होता म्हणतात की बायका इकडे राहायला याव्यात. आता बाळंतपणासाठी रॉलिन्सच्या बायकांना शंभर मैल जावं लागतं.

माझं काम पुढच्या वर्षी संपलं आणि कंपनीने टेक्ससला पाठवलं. निघण्याआधी मालकीणबाईंनी चष्मा लावून घर तपासलं: ओव्हन, सिंकखालचं कपाट, खिडक्यांच्या फटींतली धूळ. तिकडच्या नव्या संकुलाचा अर्जही ऑनलाइनच होता, पण या खेपेला आधीच्या घरमालकाचा फोन नंबर द्यायची एक जागा त्यात होती. त्यांनी फोन केला तेव्हा मालकीणबाईंनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. जागा मात्र मिळाली.

वायोमिंगच्या कायद्यात अनामत किती घ्यावी यावर बंधन नाही, पण घर सोडल्यावर महिनाभरात तिचा हिशेब द्यावा लागतो. चेक तिसऱ्या आठवड्यात आला, सोबत समासात लिहायच्या त्याच हस्ताक्षरातला कागद. जाळीच्या दाराच्या साखळीचे अठरा डॉलर कापले होते. ती मीच तोडली होती, मार्चमध्ये, दोन्ही हातांत किराणा होता म्हणून. खाली लिहिलं होतं की माझ्या जागेत आता वीजवाहिनीच्या टोळीतले दोघे राहतात, भाडं थोडं वाढवलंय, आणि त्यांना नळाचं सांगून झालंय.